पी अँड ओच्या पंगतीपासून क्वीन मेरी २ पर्यंत: बोटीवरच्या जेवणाच्या जुन्या-नव्या रीती

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या वाड्याची आवराआवर करताना आजोबांच्या ट्रंकेत पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटीवरचे १९३० च्या दशकातले जेवणाचे कार्ड सापडले, मागे पाच-सहा सह्या. आता सत्तरीच्या आई-बाबांना क्वीन मेरी २ या बोटीने साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला न्यायचे आहे. दोघे शाकाहारी आहेत, अंडेही चालत नाही, बाबांना मधुमेह आहे. आजोबांच्या वेळची रीत आता किती उरली आहे आणि आपण तयारी काय करावी?

आधी एक गोष्ट सांगतो, पुढचे सगळे तिच्याच आधाराने वाचा. बोटीवरची जेवणाची कुठलीही रीत निव्वळ ऐट म्हणून सुरू झालेली नाही. समुद्राचा हेलकावा, सामानाची ट्रंक, घड्याळ, तिकिटाचा वर्ग, कोठीत किती दिवस काय टिकते, यांपैकी काहीतरी तिच्या मुळाशी असते. ज्या रीतीचे कारण अजून शिल्लक आहे ती आजही काटेकोर पाळली जाते आणि तिथे सूट मिळत नाही. ज्या रीतीचे कारण सरले ती एक तर गेली, नाहीतर हौसेपुरती उरली. हा फरक कळला की कशाची तयारी करायची आणि कशाची धास्ती घ्यायची नाही, हे आपोआप ठरते.

पहिले कारण हेलकावा. क्वीन मेरी २ ही २००४ पासून चालणारी बोट आज नियमित प्रवासी सेवेतली एकमेव खरी ओशन लायनर आहे. बाकीच्या क्रूझ बोटी बंदराबंदरांतून फिरण्यासाठी बांधतात. ही मात्र अटलांटिक महासागर ठरल्या दिवसांत, हवा कशीही असली तरी, ओलांडण्यासाठी बांधलेली आहे. लांबी ३४५ मीटर, पाण्याखालचा भाग सुमारे १० मीटर, वेग ३० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी ३० सागरी मैल. पण वारा आणि लाटा आजोबांच्या वेळी होत्या त्याच आहेत.

जुन्या बोटींवर या हेलकाव्यापायी लांबलचक टेबले आणि जमिनीला बोल्टने पक्क्या केलेल्या फिरत्या खुर्च्या असत. खुर्ची मागे सरकवता येत नसे. ती फिरवायची, बसायचे आणि पुन्हा टेबलाकडे वळायचे. १९१२ च्या टायटॅनिकवर दुसऱ्या वर्गात अशाच खुर्च्या होत्या, पहिल्या वर्गात मात्र सुट्या. समुद्र खवळला की टेबलावर ‘फिडल’ चढवत. फिडल म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट; तिच्या खणांत ताट, पेला, वाडगा अडकून राहतो. त्याखालचे मेजकापड पाणी शिंपडून ओले करत, कारण ओल्या कापडावरून चिनी मातीची बशी घसरत नाही. सूपचा वाडगा अर्धाच भरत. ग्वाल्हेरच्या माणसाला हे समजायला जयविलास राजवाड्यातले जेवणाचे टेबल आठवावे. तिथे चांदीची छोटी आगगाडी रुळांवरून सुरया घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची. टेबल स्थिर आणि सुरई चालती. बोटीवर नेमके उलटे. टेबलच हलते, म्हणून सुरईला चारही बाजूंनी रूळ लावून जागेवर धरायचे.

फिडल गेले ते स्टॅबिलायझरमुळे. बोटीच्या दोन्ही कुशींतून पाण्याखाली पंखासारखी पाती बाहेर येतात आणि डावी-उजवी डुलण्याची हालचाल बरीच मोडून काढतात. मोठ्या प्रवासी बोटींत ही सोय पी अँड ओच्या चुसान या १९५० च्या बोटीवर प्रथम आली. जुनी क्वीन मेरी १९३६ पासून धावत होती, डोलण्यासाठी बदनाम होती, तिला ही पाती १९५८ मध्ये मिळाली. मात्र ही पाती आडवे डुलणे आवरतात, पुढून-मागून होणारी झेप आवरत नाहीत. समोरून लाट आली की नाक वर जाते, शेपूट खाली जाते आणि ते आजही तसेच आहे. म्हणून मुख्य जेवणघर खालच्या मजल्यांवर, टोकांपासून दूर ठेवतात. सी-सॉचे मधले माणूस सर्वात कमी हलते, तोच हिशेब. क्वीन मेरी २ चे मुख्य जेवणघर, ब्रिटानिया रेस्टॉरंट, दुसऱ्या आणि तिसऱ्या डेकवर आहे. आई-बाबांसाठी खोली घेतानाही हाच नियम लावा: मधली आणि खालची खोली. वरच्या बाल्कनीच्या मोहात पडून टोकाची खोली घेतली की पहिल्या वाऱ्याच्या रात्री जेवण चुकते.

दुसरे कारण जागा. हजार-दीड हजार माणसे एकदम बसवायची तर बोटीच्या पूर्ण रुंदीचा दिवाणखाना लागतो आणि तोही पुरत नाही. म्हणून दोन पंगती. आपल्याकडे लग्नात पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही, तीच ही पद्धत. इंग्रजीत तिला सिटिंग म्हणतात. आजोबांच्या बोटीवर चढल्या चढल्या पहिले काम असे मुख्य स्टुअर्डकडे जाऊन पंगत आणि टेबल ठरवून घेण्याचे. उशीर केला की उरलेली जागा, उरलेली माणसे. ती माणसे मग फ्रान्सच्या मार्सेल बंदरापर्यंत रोज समोर. क्वीन मेरी २ वर आजही ब्रिटानियात रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतात, साधारण सहाची आणि साडेआठची. टेबल संपूर्ण प्रवासभर एकच आणि वाढपीही तेच. या रीतीचे कारण जिवंत आहे, म्हणून ती पक्की आहे. ब्रिटानियात १,३०० च्या आसपास माणसे बसतात आणि बोट घेऊ शकते २,६९१ प्रवासी. गणित तिथेच स्पष्ट होते. मधुमेह असलेल्या माणसासाठी पहिली पंगत मागा आणि ती तिकीट काढतानाच मागा. बोटीवर गेल्यावर बदल मागणाऱ्यांची रांग पहिल्या दुपारीच लागते. मोठे टेबल घ्यायचे की दोघांचे, हेही तेव्हाच सांगायचे. माझे मत विचाराल तर सहा किंवा आठ जणांचे टेबल घ्या. सात संध्याकाळी तीच माणसे भेटतात, ओळख होते. बोटीच्या जेवणातला हा भाग विमानाने जाणाऱ्याला कधीच मिळत नाही.

सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण मात्र खुले असते. जागा असेल तिथे बसवतात.

तिसरे कारण तिकिटाचा वर्ग, आणि इथे लोक हमखास फसतात. जुन्या बोटींवर वर्ग म्हणजे वेगळे जग होते. जेवणघर वेगळे, जिना वेगळा, डेक वेगळा, मध्ये कुलूपबंद दार. टायटॅनिकच्या पहिल्या वर्गाचे १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीचे जेवण दहा वाढींचे होते: ऑयस्टर, दोन सूप, सॅमन मासा, मग मांसाचे प्रकार एकामागून एक, मध्येच तोंड साफ करायला बर्फाळ पंच, शेवटी वॉल्डॉर्फ पुडिंग आणि आइस्क्रीम. त्याच दिवशी तिसऱ्या वर्गात मुख्य जेवण दुपारी होते: भाताचे सूप, भाजलेले बीफ, मका, उकडलेले बटाटे, प्लम पुडिंग. रात्री पेज आणि कडक बिस्किटे. आज वर्ग हा शब्द कोणी उच्चारत नाही, पण खोलीवरून जेवणघर ठरण्याची रीत कुनार्डने, म्हणजे क्वीन मेरी २ च्या कंपनीने, सोडलेली नाही. साध्या खोल्यांसाठी ब्रिटानिया, त्यावरच्या श्रेणीला ब्रिटानिया क्लब, मोठ्या खोल्यांना प्रिन्सेस ग्रिल, सर्वात वरच्यांना क्वीन्स ग्रिल. ग्रिलची माणसे हवी तेव्हा येऊन आपल्या ठरलेल्या टेबलावर बसतात, त्यांना पंगत नसते. म्हणजे खोली घेताना तुम्ही पलंग आणि खिडकीबरोबर जेवणाची वेळही विकत घेत असता. दोन भावंडे वेगवेगळ्या श्रेणीच्या खोल्या घेतात आणि मग बोटीवर कळते की रात्री एकत्र जेवता येणार नाही. पूर्ण कुटुंब एकाच श्रेणीत घ्या.

आता स्वयंपाकघर. बोटीवर त्याला गॅली म्हणतात. एके काळी गॅलीला जिवंत प्राणी बाळगावे लागत. कुनार्डच्या १८४० च्या ब्रिटानिया या बोटीवर ताज्या दुधासाठी गाय होती, पी अँड ओच्या बोटींवर मेंढ्या आणि कोंबड्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शीतगृहे आली आणि गोठा गेला. पण कोठीचा क्रम आजही तोच आहे: पालेभाजी आणि नाजूक फळे आधी संपवायची, कोबी, गाजर, बटाटा, कांदा शेवटच्या दिवसांपर्यंत पुरवायचे. अटलांटिकच्या मधोमध मंडई नाही. प्रवासी २,६९१ आणि खलाशी-नोकर सुमारे १,२५०, म्हणजे जवळजवळ ४,००० तोंडे. तीन वेळच्या हिशेबाने दिवसाला १२,००० पाने, चहा-फराळ वेगळा. पाचव्या दिवशी हिरवी कोथिंबीर मागून मिळणार नाही ती याच कारणाने. वाढप्यावर रागावू नये.

पी अँड ओच्या गॅलीत आणि सलूनमध्ये, म्हणजे जेवणघरात, गोव्याची माणसे असत. डेकवर सारंग, तांडेल आणि त्यांचे खलाशी, त्यांचे जेवण रांधणारा भंडारी वेगळा. आणि साहेबांच्या टेबलाशी गोव्याचे ख्रिस्ती वाढपी-आचारी. कारण व्यवहाराचे होते. गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही हाताळायला त्यांना धर्माची आडकाठी नव्हती. मुंबईत धोबीतलावाकडे गावागावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक बिऱ्हाडे, होते, तिथे राहून ते बोटीची वाट पाहत. या आचाऱ्यांमुळेच पी अँड ओच्या दुपारच्या जेवणात करी-भाताला कायमची जागा मिळाली. तेव्हा आजोबांच्या कार्डावर फ्रेंच नावांच्या मध्येच ‘करी’ दिसली तर नवल नाही, ती त्या कंपनीची ओळखच होती.

शाकाहारी माणसाचे मात्र हाल होत. १८८८ मध्ये क्लाइड बोटीने विलायतेला निघालेले गांधीजी काट्या-चमच्याची सवय नसल्याने आणि कशात मांस नाही हे विचारायचा संकोच वाटल्याने खोलीतच बसून घरून आणलेली मिठाई आणि फळे खात राहिले होते. संस्थानिकांनी दुसरा मार्ग काढला, आपला मुदपाकखानाच बरोबर न्यायचा. जयपूरचे महाराजा माधोसिंह १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण सोहळ्याला गेले तेव्हा ऑलिंपिया नावाची पूर्ण बोट भाड्याने घेतली आणि चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल नेले. साध्या घरच्या माणसाला यातले काहीच शक्य नव्हते. पाव, लोणी, उकडलेला बटाटा, भात, दूध, फळे, यावर पंधरवडा काढायचा.

ग्वाल्हेरचा इथे एक वेगळाच धागा आहे आणि तो आपल्या लोकांना माहीत असायला हवा. एम्प्रेस ऑफ इंडिया ही कॅनेडियन पॅसिफिकची पांढरी देखणी बोट १८९१ पासून व्हँकुव्हर ते हाँगकाँग धावत असे. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती घेऊन रुग्णालय-बोट केली आणि नाव दिले लॉयल्टी. युद्धानंतर वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या नव्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने ती विकत घेतली. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन त्या प्रवासाचाच आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या लष्करातल्या घरात बोटीचे कार्ड सापडणे म्हणूनच मला अजिबात विचित्र वाटत नाही. ग्वाल्हेरला पंजाब मेल धरायची, मुंबईला उतरायचे आणि बॅलार्ड पिअरवरून बोट, हा तेव्हाचा सरळ रस्ता होता.

आजोबांचे कार्ड वाचताना काही शब्द अडतील. ‘कॉन्सोमे’ हे दिसायला सारासारखे पातळ आणि स्वच्छ, पण असते मांसाच्या रसाचे; खिमा आणि अंड्याचा पांढरा भाग घालून ते नितळ करतात. ‘आंत्रे’ म्हणजे माशानंतरचा, भाजलेल्या मोठ्या मांसाआधीचा पदार्थ. ‘जॉइंट’ म्हणजे तो मोठा भाजलेला तुकडा, टेबलाजवळ कापून वाढत. ‘साइडबोर्ड’खाली थंड मांसाचे काप लिहिलेले असतात. गोडानंतर ‘सेव्हरी’ दिसेल: टोस्टवर चीज किंवा खारवलेला मासा. इंग्रजांची ही जुनी सवय. गोडाने तोंड मिटवायचे नाही, खारटाने मिटवायचे. त्याही नंतरचे ‘डेझर्ट’ म्हणजे तेव्हा फळे आणि सुका मेवा. आज डेझर्ट म्हणजे गोड पदार्थ आणि सेव्हरी जवळजवळ लुप्त. दहा वाढींच्या तीन-चार झाल्या आहेत: सुरुवातीचा पदार्थ, सूप किंवा सॅलड, मुख्य पदार्थ, गोड किंवा चीज.

पान वाढण्याची पद्धतही बदलली, आणि मला जुन्याची सर्वात जास्त आठवण इथेच येते. जुनी पद्धत सिल्व्हर सर्व्हिस. वाढपी डाव्या हातावर घडी घातलेला रुमाल, त्यावर गरम थाळ. उजव्या हातात चमचा-काटा चिमट्यासारखा धरून तुमच्या डाव्या बाजूने वाढणार, हवे तेवढे, नको म्हणेपर्यंत. यात आपल्या आग्रहाच्या वाढण्याशी नाते होते. आता पान गॅलीतच सजते, वर झाकण ठेवून एका ट्रेवर आठ-दहा पाने बाहेर येतात. फायदा असा की पदार्थ गरम पोहोचतो, मापात राहतो आणि कमी माणसांत काम होते. तोटा असा की टेबलावर बसून ‘यातला सॉस काढा’ म्हणता येत नाही, सॉस आधीच पडलेला असतो. उरलेली जुनी कसरत, म्हणजे टेबलाशेजारी गाडीवर कापणे किंवा पेटवून दाखवणे, ती ग्रिलच्या जेवणघरांत शिल्लक आहे.

काट्या-सुऱ्यांची भीती वाटत असेल तर एकच नियम लक्षात ठेवा: बाहेरून आत. पहिल्या पदार्थाची हत्यारे सर्वात बाहेर, शेवटच्याची सर्वात आत किंवा ताटाच्या वर. आपल्या ताटातही मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूला आणि भाजी उजव्या बाजूला असतेच. तोच प्रकार.

आता शाकाहाराची व्यवस्था, कारण खरी अडचण इथेच येते. साहेबाच्या स्वयंपाकघरात व्हेजिटेरियन म्हणजे अंडे चालणारा. शिवाय भाजीच्या सूपमध्ये मांसाचा किंवा कोंबडीचा स्टॉक म्हणजे उकळून काढलेला रस, जेलीत आणि मूसमध्ये जनावरांच्या हाडा-कातड्याचे जिलेटिन, वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा, काही चीजमध्ये वासराच्या पोटातले रेनेट, पारंपरिक ख्रिसमस पुडिंगमध्ये सूएट म्हणजे जनावराची चरबी. म्हणून तिकिटाच्या वेळीच लेखी कळवा, आणि ‘व्हेज’ एवढेच लिहून थांबू नका. स्वतंत्र ओळींत लिहा: अंडे नाही, मासा नाही, मांसाचा स्टॉक नाही, जिलेटिन नाही. कांदा-लसूण चालतो की नाही तेही लिहा. पहिल्या संध्याकाळी जेवणाआधी मुख्य वाढप्याला, म्हणजे मेत्र दोतेलला, गाठून हीच चिठ्ठी हातात द्या.

त्यानंतरची युक्ती अनुभवी प्रवाशांना माहीत असते: आजच्या जेवणाला बसल्यावर उद्याचे कार्ड मागायचे आणि उद्याचे पदार्थ आजच सांगून ठेवायचे. गॅलीत सॉस, भरलेल्या भाज्या, गोड पदार्थ सकाळपासून शेकड्यांनी तयार होतात. रात्री टेबलावर बसून अंड्याशिवायचे गोड मागितले तर फळांचे काप येतील. आदल्या रात्री मागितले तर पेस्ट्रीवाला वेगळे करून देतो. दुपारी वरच्या बुफेत, किंग्ज कोर्टमध्ये, बहुधा एखादी करी, डाळ आणि भात सापडतो. फुलका मात्र विसरा. प्रवासी बोटीच्या गॅलीत उघडी ज्योत नसते, सगळे विजेवर, त्यामुळे पोळी तव्यावरची किंवा विजेच्या तंदूरमधली. जुन्या बोटींत कोळशाच्या चुली आणि बॉयलरची वाफ होती. वाफेवर मोठमोठे हंडे चालत, म्हणून त्यांची सूपे आणि पुडिंगे चांगली होत.

घरून न्यायचे तर कोरडे आणि बंद पाकिटातले: चिवडा, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट. ओले, शिजवलेले काही नको. स्वतःची किटली, इंडक्शन शेगडी, छोटा कुकर हे सगळे तपासणीत काढून घेतात, आगीच्या भीतीने, आणि ते योग्यच आहे. समुद्रावर आगीइतके भयानक काही नाही. न्यूयॉर्कला उतरताना फळे, बिया, मांसाचा कुठलाही पदार्थ खिशात ठेवू नका. न्याहारीला उचललेले सफरचंदसुद्धा अडचणीत आणते. जे काही खाण्याचे बरोबर असेल ते अर्जावर लिहा.

घड्याळाचे प्रकरण बाबांच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे. साउथॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांत पाच तासांचा फरक आहे. पश्चिमेकडे जाताना सातपैकी पाच रात्री घड्याळ एक-एक तास मागे जाते, दिवस पंचवीस तासांचे होतात. झोप चांगली मिळते, पण रात्रीचे जेवण आणि न्याहारी यांतले अंतर एक तासाने वाढते. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून या पाच दिवसांचे वेळापत्रक लिहून घ्यावे आणि खोलीत बिस्किटे ठेवावीत. परत बोटीनेच येणार असाल तर उलट होते: दिवस तेवीस तासांचे आणि घड्याळ दुपारी बाराच्या सुमारास पुढे ढकलतात, त्यामुळे दुपारच्या जेवणाची घाई होते. संकष्टी पाळत असाल तर चंद्रोदय बोट जिथे आहे तिथला धरावा लागेल. ग्वाल्हेरचे पंचांग तिथे उपयोगाचे नाही.

पोशाखाची धास्ती घेऊ नका, पण तयारी करा. आजोबांच्या वेळी पहिल्या वर्गात रोज रात्री जेवणाचा खास पोशाख असे, फक्त पहिली आणि शेवटची रात्र सोडून. कारण ट्रंका. पहिल्या रात्री त्या उघडलेल्या नसत, शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असत. ट्रंकेवर ‘नॉट वॉंटेड ऑन व्हॉएज’ची, म्हणजे प्रवासात लागणार नाही अशी, चिठ्ठी असेल तर ती थेट तळघरात जाई. तुमच्या ट्रंकेवर ती चिकटलेली आहे का ते पाहा. आता सात रात्रींत साधारण दोन गाला रात्री, म्हणजे थाटाच्या पोशाखाच्या रात्री, असतात. बाकी रात्री पुरुषांना कोट पुरतो. गालाच्या रात्री राष्ट्रीय पोशाख मान्य असतो. बाबांना बंद गळ्याचा कोट, आईंना चंदेरी साडी यापेक्षा शोभणारे काही नाही, आणि चंदेरी तर आपल्याच जुन्या संस्थानातली. फक्त पादत्राण सपाट आणि रबरी तळाचे घ्या. हलत्या जिन्यावर निऱ्या एका हाताने आणि कठडा दुसऱ्या हाताने धरावा लागतो.

बाकीच्या रीती भराभर सांगतो. जेवणाची वर्दी पूर्वी बिगुलाने किंवा घंटेने देत, कारण बोटीवर लाउडस्पीकर नव्हते. टायटॅनिकवर बिगुलवाला ‘रोस्ट बीफ ऑफ ओल्ड इंग्लंड’ वाजवी. ती गेली. अकरा वाजता डेकवर गरम बुलियन देत, म्हणजे मांसाचे पातळ सूप, कारण उघड्या डेकवर घोंगडी पांघरून बसणारे गारठत. आत उबदार दिवाणखाने आले आणि तिची गरज सरली. फ्रेंच लाइनच्या बोटींवर साधी वाइन जेवणात धरलेली असे. इथे ती वेगळ्या पैशांची. बारा वाजता भोंगा आणि बोट कुठे आहे हे कप्तानाने सांगण्याची रीत टिकली आहे, ऐकण्यासारखी आहे. दुपारचा चहाही टिकला आहे: साडेतीनला क्वीन्स रूममध्ये पांढरे हातमोजे घातलेले वाढपी, वाद्यवृंद, सँडविच, स्कोन. तिथे वीस मिनिटे आधी पोहोचा आणि अंड्याचे सँडविच कुठले आणि काकडीचे कुठले ते विचारून घ्या, कारण दिसायला सारखीच असतात. बक्षिसी पूर्वी शेवटच्या दिवशी पाकिटात देत. आता ती रोज खात्यावर चढते किंवा तिकिटातच धरलेली असते, ते आधी वाचा.

पोट बिघडण्याबद्दल दोनच गोष्टी. बोट लागत असेल तर उपाशी राहू नका. कोरडी बिस्किटे, हिरवे सफरचंद, आले थोडे-थोडे खा, आणि गोळी घ्यायची असेल तर हवा बिघडण्याआधी, बाबांच्या बाकीच्या औषधांबरोबर चालते ना हे विचारून. दुसरे, हात साबणानेच धुवा. बोटीवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर हातावर चोळायचे अल्कोहोल नीट काम करत नाही. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या बोटींची स्वच्छतेची तपासणी होते, १०० पैकी ८५ किंवा त्याखाली गुण म्हणजे नापास; थंड पदार्थ ५ अंश सेल्सियसच्या खाली, गरम ५७ च्या वर ठेवावा लागतो. वाढपी अर्धवट थंड झालेला वाडगा परत गरम करून द्यायला का कू करतो, त्याचे कारण हे.

आणि ते कार्ड. मागच्या सह्या बहुधा टेबलावरच्या सोबत्यांच्या आहेत. निरोपाच्या रात्री एकमेकांच्या कार्डावर सही करण्याची पद्धत होती. बोटीचे नाव, तारीख आणि वर्ग कार्डावर छापलेला असतो, त्यांची आधी नोंद करा. लॅमिनेट मुळीच करू नका, सेलोटेप लावू नका. उष्णतेने शाई उतरते आणि गोंद कागद खातो. आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा. लोखंडी ट्रंकेत नको, ग्वाल्हेरच्या मे महिन्यात ती भट्टी होते आणि श्रावणात दमट. सह्यांची नावे लागली तर दुसऱ्या कागदावर लिहा, कार्डावर लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात. निघताना त्याची एक झेरॉक्स आई-बाबांच्या सामानात ठेवा. शेवटच्या रात्री टेबलावर काढली तर वाढपी नवे कार्ड आणून देईल आणि सह्या गोळा व्हायला वेळ लागणार नाही.